थंड हवा टर्बोच्या आधी की नंतर? कोल्ड एअर इंटेक आणि इंटरकूलर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या गॅरेजसमोर डिझेल पिकअप उभी करा आणि म्हणा, "मेस्त्री, चढाला गाडी दम टाकतीया, हवेचं काय तरी करूया." दोन वस्तूंची नावं हमखास निघतील: कोल्ड एअर इंटेक आणि मोठा इंटरकूलर. दोन्हींबद्दल सांगतात तेही एकच, की इंजिनाला थंड हवा मिळते. यात खोटं काही नाही. पण एक वस्तू टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याच्या) आधी बसते आणि दुसरी टर्बोच्या नंतर, आणि टर्बोच्या गाडीत पैसे कुठे घालायचे ते यावरच ठरतं.

आधी हवेची वाट पाहू. बाहेरची हवा पुढच्या जाळीजवळच्या तोंडातून फिल्टरच्या डब्यात येते. तिथून हवा मोजणाऱ्या सेन्सरवरून, म्हणजे मॅफवरून, टर्बोत जाते. टर्बो ती दाबतो. दाबलेली हवा इंटरकूलरमधून फिरून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत, आणि मग सिलिंडरमध्ये उतरते. कोल्ड एअर इंटेक म्हणजे टर्बोपर्यंतचा भाग बदलणं: कंपनीचा डबा काढायचा, शंकूच्या आकाराचा मोठा फिल्टर आणि रुंद गुळगुळीत पाईप बसवायचा, इंजिनाची धग अडवायला एक पत्रा लावायचा. इंटरकूलर हा हवेचा रेडिएटर. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स अशा पिकअपमध्ये तो कंपनीतूनच येतो, त्यामुळे तिथे 'अपग्रेड' म्हणजे जास्त जाड किंवा मोठ्या जाळीचा दुसरा इंटरकूलर.

आता गणित. हवा दाबली की तापते, सायकलच्या पंपाचं नळकांडं हाताला गरम लागतं तसंच. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३५ अंश आहेत असं धरा. टर्बो १.२ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब) देतोय, म्हणजे हवा साधारण २.२ पट दाबली जाते. टर्बोच्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३५ अंशांनी आत गेलेली हवा बाहेर पडताना १४५ अंशांच्या आसपास असते. तीच हवा बॉनेटखालून ५० अंशांनी ओढली गेली असती, तर १६५ झाली असती. म्हणजे आधी वाचवलेले १५ अंश टर्बोनंतर २० होतात. इथपर्यंत कोल्ड एअर इंटेकवाल्याचं म्हणणं चोख वाटतं.

पण पुढे इंटरकूलर बसलाय. गरम हवा आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकापैकी तो ७५ टक्के उष्णता काढतो असं समजा. मग १४५ ची हवा ६३ वर येते आणि १६५ ची ६८ वर. सिलिंडरच्या तोंडाशी फरक उरला पाच अंशांचा. आता इंटेकला हात न लावता फक्त इंटरकूलर बघा. तो ७५ ऐवजी ६० टक्केच काम करत असेल, तर तीच १४५ ची हवा ७९ वर थांबते. हा फरक १६ अंशांचा. टर्बोच्या आधी कितीही धडपड केली तरी तिचा बराचसा हिशेब इंटरकूलर पुसून टाकतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत ही धडपड थेट सिलिंडरपर्यंत पोचते, म्हणून तिथले अनुभव आपल्या पिकअपला लागू होत नाहीत.

त्यातही ते ५० अंश मी उगाच कंपनीच्या डब्याच्या माथी मारले. बहुतेक पिकअपमध्ये डब्याचं तोंड बॉनेटच्या बाहेरून किंवा फेंडरमधूनच हवा घेतं. उलट पत्रा न लावता उघडा शंकू इंजिनशेजारी बसवला की गाडी गरम हवा ओढायला लागते. नावात 'कोल्ड' आणि पोटात बॉनेटखालची वाफ, असे किट रस्त्यावर भरपूर फिरतायत.

मग इंटेक बदलून काहीच मिळत नाही का? मिळतं, पण थंडाव्यापेक्षा मोकळेपणातून. टर्बोला हवा ओढताना होणारा अडथळा कमी झाला की त्याला तोच बूस्ट कमी कष्टात देता येतो. मात्र आजच्या डिझेल गाडीत बूस्ट सेन्सर बघून इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टर्बोला हवं तेवढंच फिरवतो. शिवाय डिझेल इंजिनाची ताकद इंजेक्टर किती डिझेल सोडतो त्यावर ठरते. हवा आधीच गरजेपेक्षा जास्त असते. थोडी आणखी आली म्हणून व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं १६३ पीएसचं इंजिन १८० चं होत नाही. रीमॅप करून, म्हणजे इसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून, डिझेल वाढवलंय, टर्बो मोठा बसवलाय, तर मूळ डबा अपुरा पडू शकतो आणि तेव्हा मोठ्या इंटेकला अर्थ आहे. बाकी गाड्यांत जाणवतो तो आवाज: टर्बोची शिट्टी मोकळी ऐकू येते. त्यासाठी कुणी पैसे घालत असेल तर माझी हरकत नाही, नाद हा नादच. फक्त त्याला पॉवर म्हणू नका.

रुंद पाईपची एक खोड मात्र महागात जाते. मॅफ सेन्सर ठराविक व्यासाच्या नळीसाठी जुळवलेला असतो. नळी रुंद झाली की तेवढ्याच हवेचा वेग सेन्सरपाशी कमी होतो, सेन्सर हवा कमी सांगतो आणि इसीयू धूर टाळायला डिझेल आखडतं घेतो. किट लावून गाडी मंद झाली, इंजिनाचा दिवा लागला, असं झालं तर आधी इथे बघावं.

आता धूळ. माझ्या मते कोल्हापुरात या निवडीचा खरा निकाल तीच लावते. गळीत हंगामात शेतरस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे राहायचं, नाही तर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या दारात वाळूच्या गाड्यांमध्ये. फाउंड्रीची वाळू म्हणजे सिलिका. टर्बोची पाती मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात, त्या वेगात बारीक कण पात्यांच्या कडा खातात आणि पुढे सिलिंडर, रिंगा घासतात. कंपनीचा कागदी फिल्टर धूळ अडवण्यात फार चांगला असतो. तेल लावलेला कापडी जाळीचा फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण त्यातून बारीक धूळही तुलनेने जास्त सुटते. धुऊन तेल जास्त झालं तर ते मॅफच्या तारेवर जाऊन बसतं, ते वेगळंच. पुण्यात ऑफिसला जाणाऱ्याने तो खुशाल लावावा. फाउंड्रीच्या दारात रोज उभ्या राहणाऱ्या पिकअपला मी लावणार नाही.

दुसरा प्रश्न पावसाचा. काही किटमध्ये फिल्टर बंपरच्या मागे खाली उतरवतात, कारण तिथे हवा थंड असते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की सखल रस्त्यांवर पाणी येतं. त्यात खाली बसवलेला फिल्टर बुडाला तर पाणी थेट सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. छताजवळ तोंड नेणारा स्नॉर्केल ही आणखी तिसरीच वस्तू. तो हवा वरून घेतो, पण पाईपचा प्रत्येक जोड पाणीबंद असेल तरच उपयोग. आणि चालू गाडी पुरात घालायचा तो परवाना नव्हे.

मोठ्या इंटरकूलरलाही किंमत मोजावी लागते. जाळी जाड झाली की मागच्या रेडिएटरला आणि एसीच्या कंडेन्सरला हवा कमी मिळते. आतली जागा वाढली की ती दाबाने भरायला वेळ लागतो आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी किंचित उशिरा उठते. घाटात तर आणखी एक अडचण. वैभववाडीकडून करूळ घाट चढताना लोड असतो, गाडी दुसऱ्या गिअरला रेंगाळते, समोरून वारा लागत नाही आणि इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. तिथे मोठी जाळी तापायला वेळ घेते एवढाच तिचा फायदा. चढ लांबला की तीही हरते.

म्हणून गाडी दम टाकतीया म्हणून आलेल्या माणसाला मी विकत घ्यायचं नंतर सांगतो. आधी फिल्टर काढून बघायचा, काळा पडला असेल तर कंपनीचाच नवा घालायचा. मग टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे होज आणि क्लँप तपासायचे. होज चिरला असेल तर दाबलेली हवा तिथेच सुटते, गाडी फुसफुसते, जोर कमी पडतो, कधी काळा धूर येतो. जोडावर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर गळती तिथेच असायची. इंटरकूलरची जाळी बाहेरून चिखलाने, किड्यांनी भरलेली असेल तर हलक्या पाण्याने धुवावी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला तर पाती वाकतात.

कायद्याचंही विचारून घ्यावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि वॉरंटीतल्या गाडीत सर्व्हिस सेंटरवाला उघडा शंकू बघून हात वर करू शकतो.

एवढं करूनही शंका उरली तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या सेन्सरांचे आकडे दाखवणारं यंत्र, लावून घाट चढावा. मॅफजवळच्या हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा फार वर नसेल तर इंटेक बदलून थंडावा मिळणार नाही. इंटरकूलरनंतरचं तापमान सपाट हायवेवर सुटल्या गाडीतही बाहेरच्यापेक्षा चाळीसेक अंश वर राहत असेल, तर स्वच्छ इंटरकूलर तरी पुरतोय का ते तपासायचं. आणि फक्त घाटात वर जाऊन हायवेला लागल्यावर थोड्या वेळात उतरत असेल, तर इंटरकूलर ठीक आहे, गाडीत माल जास्त भरलाय.