दुष्काळ संहिता

दुष्काळ पडला असता सरकारने केव्हा, कोणती आणि किती मदत करावी यासंबंधीचे नियम एकत्र मांडणारा प्रशासकीय ग्रंथ. ब्रिटिश अमदानीत प्रत्येक प्रांताची स्वतंत्र संहिता होती. मुंबई इलाख्याची संहिता १८८५ च्या सुमारास अमलात आली. विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याचा दर्जा तिला नव्हता. सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना दिलेली ती आज्ञावली होती आणि तिच्याविषयीचे बहुतेक वाद या एका गोष्टीतून निघालेले आहेत. तीत सांगितलेली मदत रयतेला हक्काने मागता येते, की ती सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे, हा प्रश्न पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने १८९६ मध्ये उघडपणे पुढे आणला.

संहितेच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. दुष्काळात महसुलाची सूट किंवा तहकुबी देणे, बियाण्यासाठी तगाई म्हणजे सरकारी कर्ज देणे, ओस पडलेल्या गावाला कौल म्हणजे सवलतीचे अभयपत्र देऊन पुन्हा वसवणे हे उपाय मराठा राजवटीतही परिचित होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केल्याची परंपरागत कथा तर महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. मात्र तिचा गाभा अधिकाऱ्याने नियम मोडून दाखवलेल्या दयेचा आहे, त्यामुळे नियमबद्ध मदतीची पूर्वपीठिका म्हणून तिचा दाखला देणे सयुक्तिक ठरत नाही. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ मध्ये नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा १८८० चा अहवाल आणि त्यावरून १८८३ मध्ये तयार झालेला नमुना मसुदा यांपासून संहितेचा आरंभ धरण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या मतानुसार आयोगाने नवे फारसे काही सांगितले नाही. १८७३–७४ चा बिहारमधील दुष्काळ आणि १८७६–७८ चा दख्खन व मद्रासमधील दुष्काळ यांत अधिकाऱ्यांनी चाचपडत जे केले, त्यातले टिकाऊ तेवढे त्याने लिहून काढले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बिहारमध्ये सढळ खर्च केल्याबद्दल टीकेचे धनी झालेले सर रिचर्ड टेंपल १८७७ च्या आरंभी दख्खनच्या पाहणीवर आले, तेव्हा त्यांनी मजुराचा शिधा एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्यापर्यंत खाली आणला. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून दुष्काळी कामे सोडली. त्याच वर्षी टेंपल इलाख्याचे गव्हर्नर झाले. मजुरी आणि पोटाला लागणारे धान्य यांचे प्रमाण आधीच ठरवून लिहून ठेवले पाहिजे, ही गरज या प्रकारानंतर टाळता येण्यासारखी राहिली नाही.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६–७८ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारला वृत्तांत पाठवले होते. त्यांतूनच संहितेची कल्पना निघाली असे काही मराठी लेखक सुचवतात. परंतु वृत्तांतांचा मसुद्यावर थेट परिणाम झाल्याचा पुरावा तुटपुंजा आहे. सभेचे खरे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी १८७० मध्ये ती स्थापन केली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम होता. प्रातिनिधिक विधिमंडळ अस्तित्वात नसताना लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार अशा कागदावर उभा करण्याची ही रीत त्या काळी अपूर्वच म्हणावी लागेल.

संहितेची रचना टप्प्याटप्प्यांची होती. पाऊस हुकल्याची, भाव चढल्याची आणि लोक गाव सोडू लागल्याची खबर मामलतदाराने वर कळवावी. मग चाचणीची कामे उघडावीत. त्यांवर माणसे खरोखरच येऊ लागली तर मोठी कामे सुरू करावीत. येणाऱ्याने अंगमेहनत केली पाहिजे, ही गरजेची कसोटी होती. मजुरी धान्याच्या भावाप्रमाणे बदलावी आणि वृद्ध, अपंग व अनाथ यांची यादी करून त्यांना काम न घेता मदत द्यावी, असे ठरले होते. कामे म्हणजे मुख्यतः खडी फोडणे, रस्ते, तलाव आणि कालवे. संहितेपूर्वी, १८७६–७८ च्या दुष्काळात बांधलेला दौंड–मनमाड लोहमार्ग हा अशा कामाचा पुणे जिल्ह्यातून निघणारा ठळक नमुना होय.

१८९६ चा पाऊस हुकला, त्याच्या वर्षभर आधी सभेची सूत्रे लोकमान्य टिळकांच्या पक्षाकडे गेली होती; न्यायमूर्ती रानडे व गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पक्षाने १८९६ मध्ये डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. सार्वजनिक सभेने दुष्काळ संहितेतील तरतुदींचा मराठी सारांश छापला, तो गावोगाव वाटला आणि सभेच्या प्रचारकांनी शेतकऱ्यांना त्याचा अर्थ सांगितला: पीक बुडाले असेल तर साऱ्याची तहकुबी मागा, काम मागा, जनावरे विकून सारा भरू नका. सरकारच्याच नियमांवर बोट ठेवून केलेली ही चळवळ असल्याने तीत बेकायदेशीर काय, हे दाखवणे सरकारला अवघड गेले. संहिता अधिकाऱ्यांसाठी असून रयतेला तिच्या आधारे दावा सांगता येत नाही, अशी सरकारची भूमिका होती. १८९७ मध्ये सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याची सभेची मान्यता काढून घेण्यात आली. शास्त्रार्थ पाहता सरकारचे म्हणणे चूक नव्हते. तरीही अधिकाऱ्यांच्या कपाटातले पुस्तक मराठीत उतरून चावडीवर वाचले गेले की त्याचा स्वभाव बदलतो, हे या प्रसंगाने दाखवले.

संहितेमुळे दुष्काळातील मृत्यू कमी झाले का, याविषयी मतभेद आहेत. १८९९–१९०० च्या दुष्काळात, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘छप्पन्नच्या दुष्काळात’ (विक्रम संवत १९५६), संहिता असूनही मनुष्यहानी मोठी झाली. त्यानंतर दख्खनमध्ये त्या प्रमाणावर माणसे दगावली नाहीत, याचे श्रेय काही अभ्यासक लोहमार्ग व धान्यबाजार यांना देतात, तर काही सुधारलेल्या संहितेला. निवडणुका आणि मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा दुष्काळबळी पडत नाही, हे अमर्त्य सेन यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे; परंतु ते मुख्यतः स्वातंत्र्योत्तर काळाला लागू पडते.

स्वातंत्र्यानंतर ‘दुष्काळ’ हा शब्दच मागे पडला. १९६३ च्या एका अधिनियमाने महाराष्ट्र राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून तो वगळला आणि ‘टंचाई’ हा शब्द प्रचारात राहिला. नऊच वर्षांनी, १९७२ मध्ये, लोकांनी मात्र जुनाच शब्द वापरला. त्या दुष्काळात मे १९७३ च्या सुमारास राज्यातील सरकारी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. खडीचे ढीग, हजेरीपट घेतलेला मुकादम, वाटपाची सुकडी हा पौष्टिक खाऊ आणि अमेरिकेतून आलेली मिलो ही लाल ज्वारी यांच्या आठवणी त्या पिढीच्या बोलण्यात अजून येतात.

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आखलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने वैधानिक आधार मिळाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळ जाहीर होवो वा न होवो, ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की ते देणे सरकारवर बंधनकारक झाले. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावण्यात आला. पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, तिचे मूळ या योजनेत आहे. कपात पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी देशभर नेली. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.

दुष्काळ ओळखण्याची जुनी पद्धत म्हणजे आणेवारी, पुढे पैसेवारी. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक असे धरून गावचे पीक किती आणे उतरले ते ठरवायचे. पैसेवारीसाठी निवडलेल्या शेतातील मोजलेला तुकडा कापून, मळून धान्याचे वजन करतात. नजर, सुधारित आणि अंतिम असे तिचे टप्पे असतात आणि ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारीचे गाव टंचाईग्रस्त धरले जाई. पूर्ण पीक कशाला म्हणावे, यावरच पूर्वापार भांडणे होत आली. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१६ च्या निकालानंतर केंद्राने त्याच वर्षी सुधारलेल्या नियमपुस्तिकेने पर्जन्यमान, भूजल, मातीतील ओलावा आणि उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती हे निकष पुढे आणले. त्यानुसार महाराष्ट्रात २०१८ मध्ये १५१ आणि २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ च्या यादीत पुणे जिल्ह्यातील पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर व शिरूर हे तालुके होते. अशा तालुक्यांना जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, आवश्यक तेथे टँकर आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी मिळते. ही शेवटची सवलत मिळवण्यासाठी पुण्यात शिकणाऱ्या मुलाला आपले गाव यादीतल्या तालुक्यात असल्याचे कागदोपत्री दाखवावे लागते.