पॅसिफिकमधली घरपाल : पार्श्वभूमी

घरपालीचं (हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस) मूळ घर दक्षिण आणि आग्नेय आशिया. १८३६ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं, पण जहाजांतून तिचं हिंडणं त्याआधीपासूनच चालू असणार. अंडी एका वेळी दोनच, मात्र कवच टणक. शिवाय मादी नराचं बीज कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. एकटी मादी बंदरात उतरली तरी वस्ती उभी राहते.

दुसऱ्या पाली मागे हटतात, त्यात दोष घरपालीचा की माणसाच्या बांधकामाचा, हा आजचा वाद दुसऱ्या महायुद्धानंतरचा. मालवाहतूक वाढली आणि १९५० च्या सुमारास घरपाल हवाईत पोचली, १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये, १९८० च्या दशकात ब्रिस्बेनमध्ये. हवाईतल्या भिंतींवर तेव्हा लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस ही छोटी पाल होती. तिच्यात जवळपास सगळ्या माद्याच, नराविना अंडी घालणाऱ्या. शहरांतून ती भराभर हटली. तीही बहुधा पॉलिनेशियन दर्यावर्दींबरोबर आलेली, म्हणजे पाहुणीच. तरी तिला ‘स्थानिक’ म्हणण्याची पद्धत पडली आहे.

घरपाल दांडगी आहे, लहान पालींना हुसकावते, प्रसंगी त्यांची पिल्लंही खाते. त्यामुळे दोष मारामारीवर ढकलणं सोपं होतं. १९९० च्या दशकात हवाईत विमानांच्या जुन्या हँगरमध्ये दोन्ही पाली एकत्र ठेवून पाहिलं, तेव्हा वेगळंच निघालं. दिव्यापाशी कीटक दाटीनं जमले की घरपाल ते आधीच फस्त करायची. लहानी उपाशी राहून रोडावायची, अंडीही कमी घालायची. भिंतीवर आडोसे उभे केले की घरपालीची ही आघाडी बरीच घटायची. गुळगुळीत उजेडी भिंत माणसानंच बांधून दिली होती, पण आक्रमक प्रजातींच्या यादीत नाव फक्त पालीचं लागतं.

पॅसिफिकबाहेर, हिंदी महासागरातल्या मॉरिशसमध्ये मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो. तिथल्या नॅक्टस पाली दिव्यांच्या वाऱ्यालाही नव्हत्या, तरी घरपालीनं त्यांना कपारींतून हुसकावलं. नॅक्टसच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात. खडक भुसभुशीत असेल तिथे घरपालीच्या गाद्यांची पकड सुटते, आणि अशाच काही छोट्या बेटांवर नॅक्टस तगल्या.

अलीकडे ऑस्ट्रेलियात घरपाल घरं सोडून लगतच्या झाडीतही सापडू लागली आहे. तिथे दिवेही नाहीत, सपाट भिंतीही नाहीत; हँगरमधल्या निष्कर्षांची खरी कसोटी आता तिथे लागेल.