उंदीर वाचले, पण माणसं?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुरवणं त्याला जमेनासं होतं. मग शरीर या थकलेल्या घोड्याला चाबूक मारत सुटतं: अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात, ठोके वाढतात, हृदय आणखी खंगतं. लगामही शरीरातच आहे. मेंदूपासून मानेतून खाली उतरणारी व्हेगस चेता हृदयाला आवर घालते. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं की, ही चेता एक रसायन सोडून ठोके मंदावते.

मग विजेच्या सौम्य स्पंदांनी हा लगाम मुद्दाम ओढला तर? जपानी संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही थक्क करतो. उंदरांच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून मोठा झटका आणला. त्यातून 14 दिवस तगलेल्यांपैकी काहींच्या व्हेगसला सहा आठवडे, दर मिनिटाला फक्त 10 सेकंद, उत्तेजन दिलं. 140 दिवसांनंतर उपचार न मिळालेल्यांपैकी 50 टक्के मेले होते. उपचार मिळालेल्यांपैकी 14 टक्के. औषधांनाही हेवा वाटावा असा हा आकडा!

माणसांत मात्र पाटी कोरी राहिली. 707 रुग्णांवरच्या ‘इनोव्हेट-एचएफ’ चाचणीचा निकाल 2016 मध्ये आला: मृत्यू किंवा आजार बळावणं, दोन्हींत फायदा नाही.

असं का झालं? उंदरांचा आजार ताजा, एकाच कारणाचा, आणि सोबत कुठलंही औषध नाही. रुग्ण मात्र आधीच बीटा-ब्लॉकरवर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखणाऱ्या औषधांवर, होते. म्हणजे चाबूक निम्मा काढून घेतलेलाच. पण माझा खरा संशय मात्रेवर आहे. उंदरांत ठोके मिनिटाला 20 ते 30 ने उतरतील एवढा प्रवाह ठेवला होता, त्यामुळे लगाम खरंच ओढला जातोय हे दिसत होतं. माणसात प्रवाह वाढवला की खोकला येतो, आवाज बदलतो, कारण त्याच चेतेच्या शाखा स्वरयंत्राकडे जातात. उंदीर तक्रार करत नाही. माणूस करतो, आणि डॉक्टर प्रवाह कमी करतात.

मानेतल्या धमनीवरच्या दाब-संवेदकांना उत्तेजन देण्याची शेजारची वाट थोडी पुढे गेली. कुत्र्यांमध्ये त्याने आयुष्य लांबलं, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक एफडीएने असं उपकरण रुग्णांसाठी मंजूरही केलं. मात्र ती मंजुरी लक्षणं कमी होतात म्हणून मिळाली, आयुष्य वाढतं म्हणून नव्हे.