एमजीबी मोटारीचे मागचे पाटे आणि शॉकअप बदलणे

एमजीबी ही इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्‌स मोटार. उघड्या टपाची रोडस्टर आधी आली आणि १९६५ मध्ये बंद टपाची जीटी. या गाड्या पाच लाखांहून अधिक बनल्या आणि त्यांपैकी पुष्कळ आजही रस्त्यावर आहेत, त्यामुळे जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या हौशी मालकांनी स्वतःच्या हाताने करायच्या कामांत हे काम नेहमी येते. तिचा मागचा भार अर्धविवृत्ताकार पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, असतो आणि गाडीचे उसळणे आवरण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक तरफेचा शॉकअप असतो. पाटे दबले, शॉकअप गळू लागले की दोन्ही बदलावे लागतात. काम अवजड आहे, अवघड म्हणता येणार नाही. पण क्रम चुकला तर नवे भाग घालूनही गाडी जुन्यासारखीच चालते.

रचना व कार्य : एमजीबीच्या जन्मकाळी, एमजीचे मुख्य अभियंते सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखालील आराखड्यात, मागे कॉइल स्प्रिंगा वापरण्याचा प्रयोग झाला होता. तो सोडून देऊन शेवटी पाटेच बसवले गेले. ही माघार वाटत असली तरी पाट्याचे गुण त्यात दिसतात. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. अ‍ॅक्सल जागेवर धरायला तिला वेगळ्या दांड्या लागतात. पाटा एकटा तीन कामे करतो. तो गाडीचे वजन पेलतो, अ‍ॅक्सल मागेपुढे किंवा आडवा सरकू देत नाही, आणि चाकांनी रस्त्याला दिलेला रेटा व ब्रेकची ओढ पुढच्या डोळ्यातून (पाट्याच्या टोकाच्या गोल वळीतून) थेट गाडीच्या अंगाकडे पोहोचवतो. पुढचा डोळा एका जाड बोल्टने अंगाला पक्का असतो. मागचा डोळा शॅकल या हलत्या जोडपट्टीवर झुलतो, कारण पाटा दबला की सरळ होतो आणि लांबी वाढते. त्या वाढीला कुठेतरी वाट हवी. मधोमध दोन यू-बोल्टांनी अ‍ॅक्सल पाट्याला आवळलेला असतो. पाटे थकले की जोरात क्लच सोडताना ते इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडतात, परत उलटतात आणि अ‍ॅक्सल थडथडतो.

शॉकअपचे काम एकच : पाट्याचे झुलणे थांबवणे. एमजीबीचे मूळ शॉकअप आर्मस्ट्राँग कंपनीचे. आज सर्वत्र दिसणाऱ्या नळीच्या शॉकअपशी त्यांचे काहीच साम्य नाही. ओतीव धातूचे, मुठीपेक्षा मोठे एक घर गाडीच्या अंगाला दोन बोल्टांनी जखडलेले असते. त्यातून बाहेर आलेल्या दांड्यावर एक तरफ, आणि तरफेच्या टोकापासून पाट्याखालच्या लोखंडी पट्टीपर्यंत एक जोडदांडी. अ‍ॅक्सल वर उचलला की तरफ फिरते, आतले दट्टे तेल ढकलतात आणि तेलाला लहान झडपेतून निघावे लागते. या अडवणुकीतच गाडीची उसळी जिरते. या घरात तेल थोडेच असते. दांड्याचे सील गळले आणि ते कमी झाले की तरफेला मधेच पोकळ टप्पा येतो.

दोष ओळखणे : गाडी मागून खाली बसली असेल तर दोष पाट्याचा, शॉकअपचा नव्हे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण गाडी बसली की नवे शॉकअप घेण्याची चूक फार जण करतात. तरफेचा शॉकअप गाडीला एक इंचही उचलून धरत नाही. उंची मोजायची असेल तर चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंत, दोन्ही बाजूंना, सपाट जमिनीवर मोजावी. नेहमी एकटाच चालक बसत आला असेल तर त्याच्या बाजूचा पाटा अधिक दबलेला आढळतो. मात्र दोन गाड्यांची उंची परस्परांशी ताडताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९७४ च्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या नियमांमुळे एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच केली गेली. क्रोम बंपरच्या गाडीला या नंतरच्या गाडीचे पाटे घातले तर ती मागून उचललेलीच दिसते. जीटीचा टप जड, म्हणून तिचे पाटेही कडक. रोडस्टरचा अ‍ॅक्सल १९६७ मध्ये बदलला, त्यामुळे यू-बोल्टही दोन प्रकारचे आहेत. भाग मागवण्याआधी आपली गाडी यांपैकी कोणती, हे तिच्याखाली वाकून पाहावे.

शॉकअप तपासायला गाडीचा कोपरा दाबून सोडतात. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, झुलत राहिली तर नाही. पण खरी परीक्षा जोडदांडी सुटी करून हाताने घ्यायची. तरफ मुठीत धरून वरपासून खालपर्यंत सावकाश न्यावी आणि परत आणावी. चांगला शॉकअप घट्ट मधात चमचा फिरवावा तसा दोन्ही दिशांना सारखा अडतो. मधेच हात मोकळा सुटला तर तेल कमी आहे किंवा आत हवा शिरली आहे. एका जागी कच्चकन अडकला तर आतला भाग झिजला आहे. तरफ वरखाली न करता बाजूला हलवून पाहावी. दांड्यात खेळ असेल तर नुसते तेल भरून भागत नाही, कारण ते आठवड्याभरात त्याच फटीतून बाहेर येते. खड्ड्यात ‘ठक’ असा आवाज येत असेल तर दोन्ही भाग निर्दोष असूनही शॅकलचे रबरी बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) किंवा जोडदांडीची टोके गेलेली असू शकतात.

गंज : काम हाती घेण्याआधी पुढच्या डोळ्याच्या आसपासचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावा. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, अंगच सांगाडा आहे. पाटा सगळा रेटा ज्या जागी देतो ती जागा गंजाने पोखरलेली असेल, तर नवा कडक पाटा ती लवकरच फोडतो. अशा वेळी आधी पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम, मग पाटा. या क्रमात घाई करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

काम करण्याची रीत : हँडब्रेक मागच्याच चाकांवर लागतो, त्यामुळे मागची चाके उचलल्यावर त्याचा उपयोग शून्य. पुढच्या चाकांना दोन्हीकडून गुटके लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. डिफरन्शिअलखाली जॅक लावून गाडी उचलावी, पाट्यांच्या पुढच्या आधाराच्या जरा पुढे, भक्कम जागी स्टँड द्यावेत, आणि जॅक अ‍ॅक्सलखाली तसाच ठेवावा. यापुढे अ‍ॅक्सल खालीवर करणे हेच सारे कसब. त्याचे वजन कधीही ब्रेकच्या रबरी नळीवर येऊ देऊ नये. मागच्या दोन्ही ब्रेकना तेल नेणारी लवचीक नळी एकच असते. अ‍ॅक्सल फार खाली जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पट्टे असतात, तेही सोडावे लागतात. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरा पाटा अ‍ॅक्सल जागेवर धरून राहतो. बदलायचे मात्र दोन्ही पाटे.

जोडदांडी, यू-बोल्ट आणि शॅकल बहुधा गंज सोडवणारे तेल आणि लांब पाना यांना दाद देतात. पाने इंची मापाचे लागतात. मिलिमीटरचा पाना नटाच्या कडा खातो. खरा विरोध पुढच्या डोळ्याच्या बोल्टचा. बुशची आतली पोलादी नळी आणि बोल्ट गंजाने एकजीव होतात. नट निघतो, बोल्टचे डोकेही फिरते, पण त्याबरोबर बुशचे रबरच पिळले जाते आणि बोल्ट केसभरही सरकत नाही. हातोडीने काही होत नाही. गॅसची ज्योत तर मुळीच वापरू नये, कारण पेट्रोलची टाकी जवळच आहे. अशा वेळी बुश आणि आधार यांच्या फटीत हॅक्सॉचे नुसते पाते घालून, दोन्ही बाजूंनी बोल्ट कापून काढणे हा हमखास उपाय. वेळ लागतो, बोटे सोलवटतात, पण आधाराचा पत्रा शाबूत राहतो. नवा बोल्ट घालताना त्याला गंजरोधक ग्रीस लावावे, पुढच्या वेळी ही पाळी येत नाही.

नवा पाटा बसवताना मधल्या बोल्टचे डोके वरच्या पट्टीच्या भोकात नेमके बसले पाहिजे. अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामधल्या रबरी गाद्या नव्या घालाव्यात. डोके भोकाबाहेर राहून यू-बोल्ट आवळले गेले तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरू नयेत. चारही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. शॅकलच्या रबरी बुशांना इंजिनचे तेल किंवा साधे ग्रीस लावू नये, रबर फुगून मऊ पडते. साबणाचे पाणी पुरते.

या कामात सर्वांत मोलाची गोष्ट अशी : पुढच्या डोळ्याचा बोल्ट आणि शॅकलचे नट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. डोळ्यातले रबर आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळ्यांना चिकटलेले असते. ते घसरत नाही, पिळले जाते. पाटा लोंबत असताना बोल्ट आवळला तर ती स्थिती रबराची ‘मूळ’ स्थिती ठरते, आणि गाडी चाकांवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते. मग ते काही महिन्यांत फाटते, आणि तोवर गाडीला उगाच उंच धरून ठेवते, त्यामुळे उंचीचे मापही खोटे येते. म्हणून नट हाताने सैलसर लावावेत, चाके घालून गाडी जमिनीवर उतरवावी, दोन-चारदा दाबून स्थिरावू द्यावी, आणि त्या भाराखाली शेवटचे आवळावे. गाडीखाली शिरायला जागा नसेल तर अ‍ॅक्सलखाली जॅक किंवा रँप देऊन गाडीचे वजन पाट्यांवरच ठेवावे. पॉलियुरेथेनचे बुश दांड्यावर मोकळे फिरतात, त्यांना ही अडचण नाही, पण ते कडक असल्याने रस्त्याची खडखड आत येते.

तरफेचा शॉकअप काढताना, नेताना आणि ठेवताना उभाच धरावा. आडवा ठेवला की हवा दाबाच्या खणात शिरते. बसवण्याआधी तेल भरण्याच्या बुचाभोवतीची माती ब्रशने साफ करावी, तेल काठाशी आणावे आणि तरफ पूर्ण टप्प्यात सावकाश अनेकदा फिरवावी. पोकळपणा जाऊन सगळीकडे सारखा विरोध येईपर्यंत हे चालू ठेवावे, मगच जोडदांडी लावावी.

जुने की नवे : तरफेचे शॉकअप आता बहुधा दुरुस्त करूनच मिळतात : जुना द्यायचा, नवे बुश आणि सील घातलेला घ्यायचा. याला पर्याय म्हणून नळीचे शॉकअप बसवण्याचे संचही विकले जातात. ते लवकर तापत नाहीत आणि बदलायला सोपे आहेत, पण त्यांतले पुष्कळ एमजीबीसारख्या हलक्या गाडीला फार कडक पडतात. साध्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला नीट दुरुस्त केलेला मूळ शॉकअपच उत्तम. पाट्यांबाबत उलट सावधगिरी हवी. हल्लीचे काही नवे पाटे जास्त कमान घेऊन येतात. गाडी भाराखाली उभी असताना शॅकलचे खालचे टोक मागे कललेले दिसायला हवे. ते सरळ उभे किंवा पुढे झुकलेले असेल तर पाट्याला लांब व्हायला वाव मिळत नाही आणि मागची बाजू दगडासारखी लागते.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणे ही महाराष्ट्रात ओळखीची कला आहे. ट्रक आणि जीप यांच्या पाट्यांची कामे करणारी दुकाने हमरस्त्यांवर गावोगावी आहेत. हिंदुस्थान अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्या मागे पाट्यांवरच चालत. अँबॅसडरचे १,४८९ घसेंमी.चे पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचे १,७९८ घसेंमी.चे इंजिन तर एकाच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातले. ज्या मिस्त्रींनी टॅक्सीचे पाटे उतरवले त्यांना एमजीबीची मागची बाजू परकी वाटणार नाही. मात्र नुसती घणाने ठोकून आणलेली कमान लवकर बसते; पाणी देऊन कडक केलेलीच टिकते.

नवे पाटे पहिल्या काही शेकडा मैलांत थोडे खाली बसतात. तोवर उंचीवरून निष्कर्ष काढू नये. त्यानंतर यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नव्या रबरी गाद्या दबून ते सैल पडलेले असतात. मागची बाजू वर आल्याने पुढच्या दिव्यांचा झोत खाली गेलेला असतो. रात्री गाडी बाहेर काढण्याआधी भिंतीसमोर उभी करून तो नव्याने लावून घ्यावा.