दोन छेदांमधले जहाज

युद्धनौकेचा आराखडा पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला तो काहीसा फसवतो. कागद मोठा असतो, तोफांच्या बुरुजांपासून नांगराच्या साखळीपर्यंत सगळे मोजूनमापून काढलेले असते. पण जहाजाच्या मूळ देहाचा, म्हणजे ज्याला ‘हल’ म्हणतात त्याचा, आकार मात्र वीसेक वक्र रेषांत आटोपलेला असतो. करवतीने ओंडका आडवा कापावा तसे जहाज ठरावीक अंतरांवर कापले, तर प्रत्येक कापाच्या कडेचा जो आकार दिसेल तो या रेषांपैकी एक. जहाज डावीकडे आणि उजवीकडे सारखेच असल्याने छेद अर्धाच काढतात, आणि पुढच्या भागातले छेद मध्यरेषेच्या एका बाजूला, मागच्या भागातले दुसऱ्या बाजूला, अशी कागद वाचवणारी मांडणी करतात.

तयार किट न वापरता, लाकूड आणि प्लास्टिकच्या पत्र्यांपासून हल घडवायला बसलेल्या माणसाचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. समजा, १९०६ साली ब्रिटिश आरमारात दाखल झालेली ‘ड्रेडनॉट’ १:१०० या प्रमाणात करायची आहे. मूळ जहाज सुमारे १६० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद. म्हणजे प्रतिकृती १६० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद होईल. आराखड्यात २१ छेद असतील, तर प्रतिकृतीत दोन छेदांमध्ये साधारण साडेसात सेंटिमीटरचे अंतर पडते. छेदावर आकार काय असावा हे कागद सांगतो. मधल्या साडेसात सेंटिमीटरमध्ये काय असावे, हे तो थेट सांगत नाही. हल बांधणे म्हणजे बव्हंशी ही मधली जागा बरोबर भरणे होय, आणि त्यामागे वाटते त्यापेक्षा बरेच अधिक विज्ञान आहे.

आराखड्यात आडव्या छेदांखेरीज आणखी दोन दृश्ये असतात. एकात जहाज पाण्याच्या पातळीला समांतर कापलेले असते. त्या कापांच्या कडांना जलरेषा म्हणतात. दुसऱ्यात ते लांबीच्या दिशेने उभे कापलेले असते. एकच बिंदू तिन्ही दृश्यांत येतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याची मापे जुळली पाहिजेत. ही पडताळणी कंटाळवाणी असली तरी टाळू नये, कारण कागद ताणला जातो, दमट हवेत फुगतो आणि झेरॉक्स यंत्रातून जाताना एका दिशेने किंचित लांबतो. माझ्या पहिल्या हलचे छेद अशाच एका प्रतीवरून कापले होते. रुंदी बरोबर आणि उंची दीड टक्क्याने जास्त, हे सगळे तुकडे चिकटवून झाल्यावर कळले. तेव्हापासून मी आराखड्यावरची मोजपट्टी दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय पेन्सिल हाती घेत नाही.

आता मधल्या जागेकडे वळू. जहाजबांधणीत पूर्वापार चालत आलेली युक्ती अशी, की ज्ञात बिंदूंवर वजने ठेवायची आणि त्यांना लागून एक लांब, सरळ धाग्याची लवचिक लाकडी पट्टी वाकवायची. पट्टी ज्या वळणाने बसेल, तीच रेषा. हे केवळ सुतारी शहाणपण नाही. वाकवलेल्या पट्टीत ऊर्जा साठते, आणि ती प्रत्येक ठिकाणच्या वक्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे वळण दुप्पट तीव्र झाले, तर तेथील ऊर्जा चौपट होते. दिलेल्या बिंदूंतून जाताना पट्टी एकूण ऊर्जा कमीत कमी राहील असा आकार धारण करते, आणि म्हणून एकाच जागी एकदम मोडण्याऐवजी वळण सगळीकडे वाटून घेते. वाक फार नसेल, तर दोन वजनांमधला पट्टीचा प्रत्येक तुकडा तिसऱ्या घाताच्या बहुपदीचा आलेख असतो, आणि तुकडे जिथे मिळतात तिथे दिशाही तुटत नाही आणि वक्रताही तुटत नाही. या पट्टीला इंग्रजी आरेखनात ‘स्प्लाइन’ म्हणत. १९४६ साली आय. जे. शोनबर्ग या गणितज्ञाने अशा तुकड्यातुकड्यांच्या वक्रांना तेच नाव दिले, आणि आज संगणकावर मोटारींचे, विमानांचे पृष्ठभाग ज्या वक्रांनी रेखाटतात ते त्याच घराण्यातले आहेत.

वक्रता तुटू नये याचे महत्त्व डोळ्याला लगेच कळते, जरी त्याचे कारण सांगता आले नाही तरी. गुळगुळीत पृष्ठभागावरचे प्रकाशाचे प्रतिबिंब पृष्ठभागाच्या उतारावर अवलंबून असते. उतार सलग बदलत असला तरी बदलण्याचा वेग जिथे एकदम पालटतो, तिथे प्रतिबिंबाची कड मोडते. त्यामुळे बोटाला न जाणवणारा अर्ध्या मिलिमीटरचा खळगा रंग दिल्यावर दुरूनही दिसतो. मात्र पट्टीवर आंधळा विश्वास ठेवणेही चूक आहे. कित्येक युद्धनौकांच्या पुढच्या भागात मुद्दाम ठेवलेली मोडरेषा असते, काहींच्या कुशीला टॉर्पेडोंपासून बचावासाठी फुगीर कप्पे जोडलेले असतात. तिथे आकार खरोखरच तुटलेला असतो, आणि लवचिक पट्टी तो प्रामाणिकपणे खोटा करून टाकते.

बांधणीच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिलीत जलरेषांच्या आकाराच्या फळ्या कापून त्या एकावर एक चिकटवतात. आराखड्यातल्या दोन जलरेषांमधले अंतर १ मीटर असेल, तर १:१०० च्या प्रतिकृतीत फळी नेमकी १० मिलिमीटर जाडीची हवी. चिकटवल्यावर बाजूंना पायऱ्या दिसतात, आणि मग रंध्याने व पटाशीने त्या उतरवायच्या. या पद्धतीचे सौंदर्य असे, की प्रत्येक फळी तिच्या मोठ्या जलरेषेवर कापलेली असल्यास पायरीच्या आतल्या कोपऱ्यातली सांध्याची रेघ हीच खरी जलरेषा ठरते. ती रेघ जेमतेम शाबूत राहीपर्यंत तासायचे आणि थांबायचे. लाकूड स्वतःच मोजमाप दाखवते. भारी लाकूड वापरायचे असेल तर फळ्या आतून आधीच पोकळ कापून घ्याव्यात.

दुसरी पद्धत सांगाड्याची. मधोमध कण्यासारखी उभी पाटी, तिला काटकोनात खोवलेले प्लायवुडचे आडवे छेद आणि त्यांवर लाकडी पट्ट्यांचे कातडे. इथे एक बारकावा हमखास चुकतो. आराखडा बाहेरचा आकार देत असेल, तर छेद पट्टीच्या जाडीइतका लहान कापावा लागतो. पण ती जाडी पृष्ठभागाला लंब मोजायची असते, छेदाच्या प्रतलात नव्हे. जहाजाच्या मध्यभागी दोन्ही एकच असतात. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, पृष्ठभाग मध्यरेषेशी १० अंशांचा कोन करत असेल, तर २ मिलिमीटरच्या पट्टीसाठी वजावट २.०३ मिलिमीटर, म्हणजे फरक नगण्य. मात्र गोलसर मागच्या टोकाजवळ हाच कोन ४५ अंशांवर गेला, की वजावट २.८ मिलिमीटर होते, आणि ती न केल्यास जहाजाचा पार्श्वभाग उगाच जाडजूड दिसू लागतो. पोलादी जहाजांच्या आराखड्यांत आणखी एक गंमत असते: त्यांच्या रेषा सहसा बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला धरून काढलेल्या असतात. १:१०० मध्ये पाव मिलिमीटरच्या या फरकावर झोप उडवून घेण्याचे कारण नाही, पण तो आहे हे माहीत असावे.

कातडे चढवताना गाठ पडते ती गणितातल्या एका थोर प्रमेयाशी. कार्ल फ्रीडरिश गाउस याने १८२७ साली दाखवून दिले, की पृष्ठभाग न ताणता, न चुरगाळता कितीही वाकवला, तरी त्याच्या दोन दिशांच्या प्रमुख वक्रतांचा गुणाकार बदलत नाही. सपाट पत्र्यासाठी हा गुणाकार शून्य असतो. म्हणून पत्र्याची नळी होते, शंकू होतो, पण वाटी होत नाही. ड्रेडनॉटसारख्या जहाजाचा मधला भाग जवळजवळ पेटीसारखा असतो: तळ सपाट, बाजू उभ्या आणि दोहोंना जोडणारे नळीसारखे वळण. तिथे प्लास्टिकचा पत्रा विनातक्रार बसतो. टोकांकडे मात्र पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांनी वळू लागतो आणि पत्रा सुरकुततो. उपाय एकच, तो म्हणजे पृष्ठभाग अरुंद पट्ट्यांत वाटून टाकणे, कारण अरुंद पट्टीत रुंदीच्या दिशेचे वळण इतके थोडे उरते की ते लाकूड पचवते.

पण पट्ट्या सर्वत्र सारख्या रुंदीच्या ठेवून चालत नाही. मध्यावर डेकपासून कण्यापर्यंतचा घेर २४ सेंटिमीटर आणि नाळेजवळ १८ सेंटिमीटर असेल, तर १० मिलिमीटरच्या २४ पट्ट्या पुढे जाता जाता साडेसात मिलिमीटरपर्यंत निमुळत्या व्हायला हव्यात. हे न करता सरळ पट्टी जबरदस्तीने कडेच्या दिशेने वाकवली, तर तिची एक कड उचलते आणि कितीही टाचण्या ठोकल्या तरी पुन्हा डोके वर काढते. खऱ्या जहाजांचे पोलादी पत्रेही टोकांकडे असेच अरुंद होत जातात. चपट्या बाजूने वाकवताना मात्र लाकूड सहकार्य करते: उष्णता आणि ओलावा मिळाला, की त्यातले लिग्निन, म्हणजे तंतूंना जोडून ठेवणारे द्रव्य, मऊ पडते, तंतू एकमेकांवर किंचित सरकतात आणि थंड होऊन सुकल्यावर नवा आकार टिकतो. पट्ट्या एक डावीकडे, एक उजवीकडे अशा आलटून पालटून लावाव्यात. एक बाजू आधी पुरी केली, तर तिच्यातला ताण सगळा कणा धनुष्यासारखा वाकवतो, आणि वाकलेला कणा मागाहून सरळ करण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

पुढची घासाई हा कामाचा सर्वांत लांब आणि सांगण्यासारखा सर्वांत कमी भाग. एकच गोष्ट सांगतो: सँडपेपर बोटांनी धरू नये, लांब पट्टीवर चिकटवून वापरावा. आखूड ठोकळा खळग्यात उतरतो आणि तो अधिक खोल करतो. दोन छेदांमधल्या अंतरापेक्षा लांब पट्टी खळग्यावरून पुलासारखी जाते आणि फक्त उंचवटे खाते. पुट्टी भरावी, राखाडी प्रायमरचा हात द्यावा, दिवा अगदी तिरपा धरावा आणि सावल्या पाहाव्यात.

आता पाणी. लांबी १०० पट कमी केली, की घनफळ १० लाख पट कमी होते. सुमारे १८,००० टनांच्या ड्रेडनॉटची १:१०० प्रतिकृती म्हणूनच १८ किलो वजनाची असावी लागते. तीच १:२०० मध्ये केली, तर लांबी निम्मी आणि वजन अवघे सव्वादोन किलो. नवख्यांना हल फार जड होईल अशी भीती वाटते, पण मोठ्या युद्धनौकेच्या प्रतिकृतीत तळाशी शिशाचे वजन भरावेच लागते. अडचण वरच्या बांधकामाची असते. मूळ जहाजावरचा १० मिलिमीटरचा पोलादी पत्रा प्रमाणात ०.१ मिलिमीटर होतो, आणि आपण तिथे १ मिलिमीटरचा प्लास्टिक पत्रा लावतो. शिवाय पितळी तोफा, डोलकाठ्या आणि कठडे. गुरुत्वमध्य वर सरकतो. जहाजाच्या स्थैर्याचे माप देणारा मेटासेंटर हा बिंदू पिएर बूगेर याने १७४६ साली मांडला. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तरच जहाज कलल्यावर पुन्हा उभे राहते. मूळ जहाजात हे अंतर दीड मीटर असेल, तर आपल्याकडे फक्त १५ मिलिमीटर शिल्लक असतात. वजनाचा हिशेब चुकल्याची किंमत खऱ्या जहाजांनीही मोजली आहे. ब्रिटिश आरमाराची ‘कॅप्टन’ ठरल्यापेक्षा जड बांधली गेली, पाण्यात अधिक खोल बसली, तिच्या आधीच बुटक्या बाजू आणखी बुटक्या झाल्या, आणि उंच डोलकाठ्या व शिडे घेऊन ती सप्टेंबर १८७० मध्ये वादळात उलटली.

लहान हलकडून मोठ्या जहाजाविषयी शिकण्याचे शास्त्र उभे केले ते विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने. १८६७ मध्ये ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ असे दोन वेगवेगळे आकार त्याने लहान-मोठ्या मापांत ओढून पाहिले. १८७२ पासून इंग्लंडमधल्या टॉर्की इथल्या टाकीत तो पॅराफिन मेणाच्या प्रतिकृती वापरू लागला, कारण मेण हवे तसे तासता येते आणि नको झाले की वितळवता येते. त्याचा नियम असा, की लाटांचा आकार जुळावा असे वाटत असेल, तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटवावा. २१ नॉट वेगाच्या ड्रेडनॉटची शतांश प्रतिकृती २.१ नॉटने, म्हणजे सेकंदाला साधारण १.१ मीटर या सावकाश चालीने जावी. तेव्हा तिच्या बाजूने उठणाऱ्या लाटा मूळ छायाचित्रांतल्यासारख्या दिसतात. पाण्याचा चिकटपणा मात्र प्रमाणात लहान होत नाही, म्हणून पृष्ठभागाच्या घर्षणाचा हिशेब फ्राउडने वेगळा ठेवला. छंद म्हणून चालवलेल्या प्रतिकृती बहुधा दुप्पट-तिप्पट वेगाने पळतात, आणि त्यामुळेच त्या कितीही रेखीव असल्या तरी खेळणे वाटतात.

मधली जागा आपण बरोबर भरली की नाही, हे तपासण्याची एक सोय आहे. प्रत्येक छेदाचे जलरेषेखालचे क्षेत्रफळ आलेख कागदाचे चौकोन मोजून काढावे, मग सिम्पसनच्या नियमाप्रमाणे त्यांना क्रमाने १, ४, २, ४ असे करत शेवटी पुन्हा १ ने गुणून बेरीज करावी आणि ती छेदांमधल्या अंतराच्या एक-तृतीयांशाने गुणावी. आकडे पूर्ण छेदांचे असतील, तर आराखड्यातल्या हलचे घनफळ मिळते. लिटरमधला हा आकडा म्हणजेच गोड्या पाण्यात त्या जलरेषेपर्यंत बसण्यासाठी लागणारे किलो. हल अजून बांधणीच्या पाटावर असतानाच ठोकळ्यावर पेन्सिल ठेवून सभोवार जलरेषा आखून घ्यावी. पुढे पाणी न शिरेल असा रंग सुकला, की टबात सोडून हिशेबाइतके वजन भरावे आणि ते पुढे-मागे हलवून हल समतोल करावा. जलरेषेवरचे क्षेत्रफळ साधारण २,८०० चौरस सेंटिमीटर असलेल्या आपल्या ड्रेडनॉटला १ मिलिमीटर खाली जायला २८० ग्रॅम लागतात. पाणी आखलेल्या रेषेच्या ३ मिलिमीटर वर आले, तर सुमारे ८४० घन सेंटिमीटर जहाज घासाईत, नाहीतर आत ओढलेल्या पट्ट्यांत, कुठेतरी हरवले आहे.