कोडवाला की लर्निंग? होम थिएटरसाठी स्वस्तातला युनिव्हर्सल रिमोट घेण्याआधी

दुकानात जाऊन ‘युनिव्हर्सल रिमोट द्या’ म्हटलं की काउंटरवर येणारं पाकीट दोनपैकी कुठल्याही जातीचं असू शकतं. एक कोडवाला, दुसरा लर्निंग. दिसायला जवळपास सारखे, दोन्ही काहीशे रुपयांत मिळणारे आणि दोन्हींवर ‘युनिव्हर्सल’ असंच छापलेलं. घरी आणल्यावर एखादा चालतो, एखादा चालत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं रिमोट फसवा निघाला. बहुतेक वेळा रिमोट चांगलाच असतो, त्या घराला दुसऱ्या जातीचा हवा असतो. मालवण तालुक्यात डिशच्या छत्र्या बसवायचं आणि टीव्ही, होम थिएटर जोडून द्यायचं काम करताना हा घोळ इतक्यांदा बघितलाय की एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

कोडवाल्या रिमोटच्या पोटात कारखान्यातच शेकडो मॉडेलांचे सिग्नल भरलेले असतात. सोबत बारीक अक्षरांचा कागद येतो. त्यात कंपनीच्या नावापुढे तीन किंवा चार आकडी कोड असतात. ‘सेट’ बटण दिवा लागेपर्यंत धरायचं, कोड मारायचा, की रिमोट त्या टीव्हीचा झाला. तुमचा जुना रिमोट समुद्रात पडला असला तरी याचं काही अडत नाही. अडतं ते तुमच्या टीव्हीचं किंवा होम थिएटरच्या डब्याचं नाव त्या कागदात नसलं तर.

लर्निंग रिमोटचं पोट कोरं असतं. त्याच्या तोंडाशी जुना रिमोट धरून एकेक बटण दाबायचं, की तो ते ऐकून पाठ करतो. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुना रिमोट बोलला तर हा शिकणार. जुना रिमोट मेला असेल, तर मात्र शिकवणार कोण?

म्हणून घरात कुठला घ्यायचा हे ठरवताना मी पहिला प्रश्न विचारतो तो जुन्या रिमोटचा. सगळे जुने रिमोट अजून चालतात का? चालत असतील तर लर्निंग घ्या, आणि जुने धडधाकट आहेत तोवर घ्या. आपल्याकडे हे ‘तोवर’ फार लांबत नाही. खाऱ्या हवेने सेलच्या स्प्रिंगा हिरव्या पडतात, पावसाळ्यात बटणाखालचं रबर चिकट होतं, आणि आवाजाचं बटण सगळ्यात आधी जातं, कारण सगळ्यात जास्त दाबलं जातं तेच.

हे मी एका घरात शिकलो. वाडीतल्या एका काकींकडे मुलाने मुंबईहून टीव्ही पाठवला होता, सेटटॉप आधीपासून होता आणि कणकवलीच्या बाजारातून घेतलेलं पाच स्पीकर आणि एक वुफर असलेलं होम थिएटर. तीन रिमोट, आणि काकींची नजर अधू. त्या मला म्हणाल्या, “बाबा, माका एकच रिमोट दी. टीव्ही लागाक होयो आणि आवाज येवक होयो, बस.” मी त्यांना कोडवाला नेऊन दिला. टीव्ही लागला, सेटटॉपही लागला. होम थिएटर काही केल्या ऐकेना, कारण त्या डब्यावरचं नाव कुठल्याच कागदात नव्हतं. बाजारात असे डबे पुष्कळ असतात. आतलं सर्किट एकाचं, बाहेरचं नाव दुसऱ्याचं. काकी काही बोलल्या नाहीत, पण पुढचे आठ दिवस शेजारचा मुलगा रोज संध्याकाळी येऊन आवाज लावून देत होता. नंतर मी लर्निंग घेऊन गेलो आणि अर्ध्या तासात काम झालं. बिननावाच्या होम थिएटरला मी त्यानंतर कोडवाला कधी दिला नाही.

नाव मोठ्या कंपनीचं असलं तरी कोड अर्धवट बसू शकतो, ही दुसरी फसगत. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या टीव्हींमध्ये चालू-बंद आणि आवाजाचे सिग्नल बऱ्याचदा सारखे असतात, पण ‘सोर्स’ किंवा ‘मेनू’चे वेगळे. दुकानदार टीव्ही बंद करून दाखवतो आणि आपण खूश होतो. होम थिएटरवाल्या घरात खरं काम ‘सोर्स’चं असतं, कारण सेटटॉपवरून पेनड्राइव्हवर किंवा टीव्हीला मागून लावलेल्या इंटरनेटच्या स्टिकवर जायचं असतं. म्हणून कोड बसवल्यावर सोर्स, मेनू, चारी बाण आणि म्यूट एवढी बटणं दाबून बघा. एखादं चाललं नाही तर त्याच कंपनीपुढचा दुसरा कोड मारा. पाच-सहा कोड दिलेले असतात ते त्यासाठीच. कोड जुळला की तो सेलच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा. कागद पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

आता हा सिग्नल म्हणजे नेमकं काय, ते थोडं सांगतो, कारण लर्निंग रिमोट कुठे चुकतो ते त्यावरून कळतं. रिमोटच्या तोंडाशी असलेला बारीक दिवा डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडतो, साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो सेकंदाला बहुधा ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याचे छोटे-मोठे तुकडे करून निरोप जातो. फार वापरात असलेल्या एनईसी (एका जपानी कंपनीचं नाव) पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब तुकडा, मग साडेचार मिलिसेकंदांची शांतता आणि पुढे ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणा. त्यात कुठल्या यंत्राला आणि काय कर, हे दोन्ही येतं. आणि दोन्ही गोष्टी एकदा सरळ, एकदा उलट्या करून पाठवतात, म्हणजे मध्येच गडबड झाली तर टीव्हीला ती ओळखता येते. बटण धरून ठेवलं तर तो पूर्ण निरोप पुन्हा येत नाही, ‘तेच चालू दे’ एवढा आखूड इशारा येत राहतो.

लर्निंग रिमोटला शिकवताना बटण किती वेळ दाबायचं हे महत्त्वाचं ठरतं ते यामुळे. फार वेळ धरलं तर काही रिमोट तो आखूड इशाराच मूळ निरोप समजून पाठ करतात, आणि मग बटण दाबलं तरी टीव्ही ढिम्म. पत्रकात ‘एकदा टिचकी द्या’ म्हटलं असेल तर टिचकीच द्या, ‘धरून ठेवा’ म्हटलं असेल तर धरा.

फिलिप्सच्या जुन्या आरसी-५ पद्धतीत आणखी एक गोम आहे. तिथे प्रत्येक नव्या दाबण्यासरशी एक बिट शून्याचा एक, एकाचा शून्य होतो. टीव्हीला त्यावरून कळतं की बटण पुन्हा दाबलंय, नुसतं धरून ठेवलेलं नाही. साधा लर्निंग रिमोट हा बिट जसा ऐकला तसाच गोठवून ठेवतो. परिणाम असा की ‘५’ दाबल्यावर पाच उमटतो, लगेच पुन्हा ‘५’ दाबला तर यंत्राला वाटतं तेच बटण अजून धरलंय. ५५ नंबरचं चॅनल लागत नाही. असं झालं तर रिमोट खराब म्हणून परत करायची घाई करू नका. त्या एका यंत्राला कोडवालाच बरा, कारण त्याला ही पद्धत मुळातून माहीत असते.

शिकवायची माझी रीत अशी. दोन्ही रिमोटना नवे सेल घालायचे. पडवीतल्या उन्हात किंवा सीएफएल दिव्याखाली बसायचं नाही, माजघरातल्या सावलीत बसायचं. उन्हातही तोच न दिसणारा प्रकाश असतो आणि रिमोटला भलतंच ऐकू येतं. टेबलावर दोन्ही रिमोट नाकाला नाक लावून ठेवायचे, मध्ये दोन-तीन बोटांची जागा, आणि एखाद्याचं तोंड वर राहत असेल तर खाली पुठ्ठ्याची घडी. लर्निंगवर शिकण्याचं बटण धरायचं, दिवा लागला की ज्या बटणावर शिकवायचं ते दाबायचं, मग जुन्यावरचं. दिवा लुकलुकला की झालं. पहिली दोन बटणं शिकवून उठायचं आणि टीव्हीवर करून बघायचं. सगळी तीस बटणं शिकवून झाल्यावर पहिलंच चुकलं असं कळलं तर फार जीवावर येतं.

आता एका गोष्टीपुढे दोन्ही जातींचे रिमोट हात टेकतात, ती म्हणजे ब्लूटूथ. स्टिकचे आणि बोलून चालवता येणाऱ्या टीव्हींचे रिमोट बऱ्याचदा प्रकाशाने बोलतच नाहीत. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, आणि टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायला तेवढा प्रकाश वापरतो. म्हणून त्याची आवाजाची बटणं लर्निंगला शिकता येतात, बाण शिकता येत नाहीत. घरच्या घरी ओळखायचं तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट किंवा पांढरट ठिपका लुकलुकला तर तो रिमोट प्रकाशाने बोलतोय. रिमोट मेलाय की काय हे लांबून फोनवर विचारणाऱ्या लोकांनाही मी आधी हेच करायला सांगतो.

काही शाओमी फोनांच्या वरच्या कडेला हाच दिवा असतो आणि सोबत रिमोटचं ॲप. ते ॲप म्हणजे कोडवाल्या जातीतलंच. त्यात तुमचं होम थिएटर सापडत नसेल तर स्वस्त कोडवाल्यातही मिळेल ही आशा कमीच. दुकानात जाण्याआधीची ही फुकटातली परीक्षा.

आणि पैसे खर्च करण्याआधी टीव्हीच्या मागे एकदा वाकून बघा. होम थिएटर किंवा साउंडबार एचडीएमआय वायरने ‘एआरसी’ लिहिलेल्या भोकात जोडलेला असेल तर टीव्हीच्या रिमोटनेच आवाज चालू शकतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ही सोय सुरू करावी लागते. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक. तसंच काही सेटटॉपच्या रिमोटमध्ये टीव्हीची चालू-बंद आणि आवाजाची बटणं बसवून घेता येतात. या दोहोंवर भागत असेल तर नवा रिमोट घ्यायलाच नको. एसीचा रिमोट मात्र या भानगडीत आणू नका. तो प्रत्येक दाबण्याला तापमान, पंखा, मोड अशी सगळी अवस्था एका लांबलचक निरोपात पाठवतो, आणि स्वस्त लर्निंगला तेवढं पाठ होत नाही. त्याला वेगळा कोडवाला एसी रिमोट मिळतो.

काही रिमोटांवर एका बटणाने सगळं चालू करायची सोय असते. शहरात ती छान वाटते. आमच्याकडे जूनमध्ये दिवसातून चार वेळा लाईट जाते. ती परत आली की सेटटॉप आपोआप चालू होतो, होम थिएटर झोपूनच राहतं आणि टीव्ही आपल्या सेटिंगप्रमाणे. बऱ्याच यंत्रांना चालू आणि बंद असे दोन वेगळे सिग्नल नसतात, एकाच सिग्नलने उलटसुलट होतं. मग ते ‘सगळं चालू’ दाबलं की झोपलेलं जागं होतं आणि जागं असलेलं झोपतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे निस्तरता येत नाही. मी प्रत्येक यंत्राचं चालू-बंद वेगळ्या बटणावर शिकवतो.

या विषयावर जुनं काही वाचलं की लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटचं नाव हमखास सापडतं. रिमोट उत्तम होते, पण कंपनीने २०२१ मध्ये ते बनवणं थांबवलं. त्यामागे लागू नका. लर्निंगची कल्पना तशी जुनी आहे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी १९८७ मध्ये शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. तेव्हा ती महागडी चीज होती, आज ती कुडाळच्या काउंटरवर मिळते.

घर वर्षभर बंद ठेवून गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगतो. निघताना रिमोटमधले सेल काढा. दमट हवेत ते फुटतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. पण सेल काढल्यावर रिमोट पाठ केलेलं विसरत तर नाही ना, हे घेतल्या घेतल्या तपासा. एक बटण शिकवा, सेल काढून रात्रभर ठेवा, सकाळी घालून दाबा. विसरला तर बिल आणि पाकीट घेऊन त्याच दिवशी दुकानात जा. असा रिमोट दरवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, पुन्हा शिकवत बसायची पाळी येते.

काकींच्या रिमोटवर मी चालू-बंदच्या बटणाला लाल आणि आवाजाच्या बटणांना पांढरी नेलपॉलिश लावून दिली. नको असलेल्या बटणांवर चिकटपट्टी. त्यांचे तिन्ही जुने रिमोट सेल काढून, कोरड्या फडक्यात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसकट शोकेसच्या वरच्या कप्प्यात ठेवलेत. ते टाकून देऊ नका म्हणून मुलालाही फोनवर सांगितलं. नवा रिमोट कधी पडून फुटला तर पुढच्याला शिकवायला तेच लागतील.