उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण (अप्रेंटिससाठी)

फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, पेंटर असल्या ट्रेडची पोरं आयटीआय करून कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागतात, तेव्हा त्यांना शिडी, परांची, पत्र्याचं छप्पर, पोल, टॉवर यांवर न पडता काम करायला आणि पडलंच तर जिवंत खाली यायला शिकवणं, याला उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण म्हणतात. बहुतेक कंपन्यांत 1.8 किंवा 2 मीटरच्या वर गेलं की ते 'हाईट वर्क', मग परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी लागते. हा आकडा ऐकून पोरं हसतात, सहा फूट म्हणजे काय उंची झाली का, पण 2 मीटरवरून खाली यायला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही आणि टेकताना वेग ताशी 22 किलोमीटरच्या आसपास असतो, डोकं आधी टेकलं तर तेवढं पुरतं. त्यात इकडची सातारा-सांगलीची पोरं अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा हे किल्ले चढून मोठी झालेली, उंचीची भीतीच नाही, आणि खरं सांगायचं तर शिकवणाऱ्याला तोच सगळ्यात मोठा त्रास.

सातारा-सांगली भागात असं काम भरपूर आहे. सातारा, शिरवळ, कराड, कुपवाड, मिरज, पलूस इथल्या एमआयडीसीतल्या शेड, वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या, गावोगावचे लाईटचे पोल, आणि साखर कारखाने. कारखान्याचं तर वेळापत्रकच विचित्र आहे, गाळप साधारण मार्च-एप्रिलला संपतं, मग ऑफ सीझनमध्ये सगळी ओव्हरहॉलिंग निघते, म्हणजे बॉयलर, केन कॅरिअर (ऊस आत नेणारा पट्टा), छपराचे पत्रे ही सगळी उंचीवरची कामं नेमकी पावसाळ्यात येतात, पत्रा ओला, लोखंडावर शेवाळ, आणि दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटवायचा असतो म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर घाई. नवीन अप्रेंटिस पहिल्यांदा वर चढतो तो बऱ्याचदा याच दिवसांत.

शिकवण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग माझ्या मते सुरक्षेच्या बेल्टचा नाही, पत्र्याचा आहे. जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे वरून दगडासारखे दिसतात पण उन्हापावसानं ठिसूळ झालेले असतात, माणूस घसरत नाही, सरळ आरपार खाली जातो. "बोल्टच्या लाईनीवरनं चाल, खाली पर्लिन असतंय" (पर्लिन म्हणजे पत्र्याखालचा आडवा आधार) हा जुन्या गड्यांचा सल्ला अर्धाच खरा आहे, कारण तोल गेला की दुसरा पाय पत्र्याच्या मधोमधच पडतो. पत्र्यावर फळ्या टाकून, वजन पसरवून चालायचं, खाली जाळी लावायची, आणि त्याआधी हे काम खालून किंवा लिफ्टवरून होतंय का ते बघायचं. म्हणजे क्रम असा की जमलं तर वर जाणंच टाळा, नाहीच टळलं तर कठडा करा, आणि बेल्ट सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात बेल्ट वाटून सही घेतली की ट्रेनिंग संपतं, ते वेगळं.

बेल्ट म्हणजे सुद्धा फुल बॉडी हार्नेस, खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पट्टे असलेला, भारतीय मानक आयएस 3521 चा. नुसता कमरेचा पट्टा पडताना पोटाला आणि मणक्याला झटका देतो, तो पडणं थांबवायला वापरायचाच नाही. हार्नेस घालायला पोरं दहा मिनिटांत शिकतात, हुक कुठं लावायचा ते मात्र शिकत नाहीत. केबल ट्रेला, पाण्याच्या पाइपला, परांचीच्या सैल बांबूला हुक लावलेले मी बघितलेत. आणि हिशोब कुणी सांगत नाही: दोरी 2 मीटर, तिला जोडलेली झटका शोषणारी शिवलेली पट्टी म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर उसवला की जास्तीत जास्त पावणेदोन मीटर, दोरी जिथं जोडतात त्या पाठीच्या रिंगपासून पायापर्यंत दीड, शिवाय एक मीटर राखीव, म्हणजे हुकाच्या खाली सव्वासहा मीटर मोकळे पाहिजेत. साडेचार मीटरच्या शेडवर पायाशी हुक लावला तर बेल्टनं पूर्ण थांबवायच्या आधी माणूस जमिनीवर. हुक डोक्याच्या वर लावला की पडणं कमी होतं, दोरी आखूड घेतली की आणखी कमी. दोन दोऱ्या असतील तर एक लावल्याशिवाय दुसरी काढायची नाही. वाळूचं पोतं बांधून वरून सोडून दाखवलं की हे सगळं एका झटक्यात कळतं, फळ्यावर लिहून नाही कळत.

शिडीचं थोडक्यात, चार फूट उंचीला एक फूट पाया, वरचं टोक चढायच्या जागेच्या वर मीटरभर, आणि चढताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय कायम टेकलेले. लाकडी शिडी रंगवायची नाही, तडा झाकला जातो. वायरमन पोरांना अ‍ॅल्युमिनियमची शिडी द्यायचीच नाही, आणि पोलवर चढण्याआधी लाईन बंद झाल्याचं परमिट, मग डिस्चार्ज रॉड (तारेत उरलेली वीज जमिनीत सोडणारा दांडा), कारण पोलवर शॉक छोटा असला तरी हात सुटतो आणि मारतं ते पडणं.

पडून बेल्टला लटकलेल्या माणसाचं काय करायचं हे बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. मांडीचे पट्टे आवळून रक्त पायात साचतं, काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते, आणि 108 ची गाडी येते ती जमिनीवर, तो तर वर लटकलेला. म्हणून खाली उतरवायची तयारी काम सुरू व्हायच्या आधी हवी. पवनचक्कीवाले यात पुढे आहेत, जीडब्ल्यूओ नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा कोर्स असतो, त्यात उंचीचं काम आणि सुटका दोन्ही येतं आणि सर्टिफिकेट 2 वर्षांनी नवं करावं लागतं.

कायद्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकणारा आहे, पण 1961 च्या अप्रेंटिस कायद्याच्या कलम 14 नं त्याला कारखान्यातल्या कामगारासारखंच सुरक्षेचं संरक्षण दिलंय आणि कलम 16 नं अपघाताची भरपाई मालकावर टाकलीय. धोकादायक उद्योगातल्या ट्रेडला वय किमान 18 लागतं. हे पोरांना माहीत नसतं, त्यांना एवढंच माहीत असतं की फोरमनला नाही म्हटलं तर पुढं कंपनीत घेणार नाहीत. त्यामुळं नाही म्हणायची सुद्धा प्रॅक्टिस घ्यायला हवी, अगदी नाटकासारखी, सरांनी फोरमन होऊन ओरडायचं, "चढ की रे, पाच मिनटाचं काम हाय", आणि पोरानं शिडीला हात न लावता म्हणायचं, "चढतो साहेब, हुक कुठं लावू तेवढं दाखवा."